कांद्याची सालं आणि आमची धुरी

मल्लेश्वरम, बंगलोर
१७ ऑगस्ट १९६३

तीर्थस्वरूप रत्नाकर अण्णांच्या चरणी विश्वेश्वराचा दंडवत.

आपले गुडघे, वहिनींचे दात आणि बेळगावचं आपलं काष्ठौषधींचं दुकान ही तिन्ही जागेवर असतील अशी आशा. आपली बहीण पद्मावती खुशाल आहे. दम्यानं तिला तीन आठवड्यांत शिवलेलं नाही. ही आनंदाची बातमी लिहिताना माझी लेखणी जड होते आहे, कारण बरं करणारा मी नव्हे.

वरच्या खोलीत चंद्रकांत नावाचा पुण्याचा तरुण भाडेकरू आला आहे. तो एका संशोधन संस्थेत वनस्पतींतली रंगद्रव्यं काढतो. कांद्याच्या सुक्या सालीत एक पिवळं द्रव्य असतं, त्या जातीला म्हणे फ्लेव्होनॉइड म्हणतात, आणि दम्यात श्वासनळीला आतून येणारी सूज त्यानं उतरत असावी असा त्याचा कयास. (सिद्ध काही नाही, हे तो स्वतःच दर वाक्याला सांगतो. असल्या नम्रपणालाच माणसं भुलतात.)

आता आपणच सांगा. आपण धाडलेला ऊद, ओवा आणि ती वाळकी पानं निखाऱ्यावर टाकून अकरा वर्षं मी रोज संध्याकाळी तिच्या उशाशी धुरी धरतो आहे. कारखान्यातून आलो की चहाच्या आधी धुरी, एक दिवस खाडा नाही. आणि या पोरानं पिवळ्या पुडीच्या दोन बाटल्या आणल्या, तर ही कानडी हेलात म्हणाली, "सरी, बरं, घेऊन बघते स्वल्प." मला विचारलंसुद्धा नाही. स्पष्टच लिहितो, माझा जळफळाट झाला. त्याच संध्याकाळी मी धुरीची शेगडी माळ्यावर टाकली आणि व्हरांड्यात जाऊन बसलो.

पण ती खरंच बरी होऊ लागली. तिचा दम मोजायला तो रोज पेटती काडी वीतभर लांब धरी आणि ही उघड्या तोंडानं फुंकर घाली. पहिल्या दिवशी ज्योत जेमतेम हलली, दहाव्या दिवशी पहिल्याच फुंकरीत विझली, आणि दोघं हसली. (मी न्हाणीघरात एकट्यानं करून पाहिलं. मिशीची डावी बाजू गेली. कारखान्यात स्टोव्हचा भडका झाला असं सांगितलं आहे.) सालं साठवायला हिनं लाडवांचा डबा रिकामा केला. शेजारच्या गंगव्वाकडूनही सालं मागून आणते. माझ्यासाठी हिनं कधी कोणापुढे हात पसरल्याचं मला आठवत नाही.

काल महिना संपला आणि त्यानं एक बंद चिठ्ठी फोडली. (एका बाटलीत औषध आणि दुसरीत नुसतं रंगवलेलं तांदळाचं पीठ असतं. कुठल्या बाटलीत काय, हे त्यालाही ठाऊक नसावं म्हणून बाटल्या एका मित्राकडून भरून घेतल्या आणि त्यांची खूण चिठ्ठीत बंद ठेवली होती. त्यांच्यात तशी रीत आहे.) पहिल्या पंधरवड्यात ही जे घेऊन सुधारली ते पीठच निघालं. पोराचा चेहरा उतरला. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मग त्यानं विचारलं, या महिन्यात घरात आणखी काय बदललं?

अण्णा, बदलली होती ती एकच गोष्ट. धुरी बंद झाली होती.

मी म्हणालो, काही नाही. तो बिचारा आता बाटल्या अदलाबदल केल्या म्हणून मित्राशी भांडतो आहे.

आपला,
विश्वेश्वर

ता. क. धुरीचं पुडकं यापुढे पाठवू नये. पत्र लिहिलं ते एवढ्यासाठीच.

ता. क. यामागचं कारण पद्मावतीला कळू देऊ नका. श्रेय त्या पोरालाच जाऊ दे. ते मला बघवत नाही, पण इतकी वर्षं तिला मीच खोकायला लावलं हे तिला कळलं, तर तिच्याकडे बघण्याची माझी हिंमत व्हायची नाही.

ता. क. अण्णा, मी पद्मा. पाकिटाला खळ लावायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. धुरानंच खोकला वाढतो हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. पण दिवसभरात हे माझ्याजवळ बसायचे ते तेवढंच. पूड घेतली ती अशासाठी, की यांचं मन न दुखवता धूर सुटावा. धूर सुटला, पण हेही व्हरांड्यात जाऊन बसले. तेव्हा तू तुझ्या नावानं यांना एखादं बिनधुराचं औषध कळव, रोज उशाशी बसून यांनीच द्यावं लागेल असं. लागू पडलं नाही तरी चालेल.