दुःख कळलं, अक्का

भोकर,
८ ऑगस्ट २०२३

चि. शिवकन्या,

आईचे खूप आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत असं लिहिणार होते, पण गेला आठवडा मी काही बरी नव्हते. आता आहे. लातूरला तुझ्या शिकवणीच्या वसतिगृहात फोन फक्त रविवारी, तोही मागं मुलींची रांग, म्हणून पत्र.

रविवारी तू म्हणालीस, "आई, मला इथं नाही जमत." मी म्हटलं, "धीर धर, होईल सगळं ठीक," आणि लगेच विचारलं, चिवडा संपला का. तू "हाव" म्हणालीस आणि फोन ठेवलास. त्याकडं येतेच. आधी मशीनचं ऐक.

पंधरा ऑगस्टला शाळेचे गणवेश द्यायचेत आणि नेमकी मशीन बिघडली. शिलाई घातली की कापडाखाली धाग्याचं घरटं. नांदेडचा मिस्त्री पंधरा तारखेनंतरच येतो म्हणाला. मग शिवणकामाच्या ग्रुपवर मी लिहिलं, "ताई-दादांनो, मी औसा तालुक्यातली भूकंपग्रस्त. वडील त्यातच गेले. शिवणावर मुलीला डॉक्टर करायचं आहे. मशीन बंद पडली. कृपया मदत करा."

हात जोडलेली चित्रंच चित्रं आली. 'धीर धरा ताई' आले. एकानं शनिवारी तेल वाहायला सांगितलं. तुझे बाबा म्हणाले, "शनीला का मशीनला, तेवढं इचारून घे."

मग देगलूरच्या कुणी शरणम्माबाईंनी लिहिलं, "अक्का, दुःख कळलं. आता मशीनला काय झालंय ते सांगा. गुंता वर होतो का खाली? कवापासून? त्याच्या आधी तुम्ही काय केलतं? फोटो टाका."

मला रागच आला. केवढं सांगितलं होतं मी! पण उत्तर द्यायचं म्हणून मशीनपुढं बसले, आणि कळलं की मी अजून नीट बघितलंच नव्हतं. मग लिहिलं: गुंता खालीच होतो. वरचा धागा तुटत नाही. निळं रीळ लावल्यापासून होतंय. बॉबिन काढून साफ केली, फरक नाही.

त्यांचं लगेच उत्तर, "धागा ओवताना मशीनचा कापड दाबणारा पाय वर होता का खाली?"

खाली होता. घाईत मी तसाच ओवला होता. पाय वर उचलून पुन्हा ओवला, आणि शिलाई अशी सरळ आली की तुझे बाबा पण उठून बघायला आले.

हसू आलं, आणि मग तुझ्या आजीची, मनकर्णाबाईची आठवण झाली. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो तेव्हा मदत घेऊन गाड्या यायच्या. काय पाहिजे म्हणून विचारलं की माझी आई आधी गेलेल्यांची नावं सांगायची, मग पडलेलं घर. ऐकणाऱ्यांचे डोळे भरायचे, आणि ते ब्लँकेट देऊन जायचे. शेडमध्ये ब्लँकेटांची थप्पी लागली, पण भाकरी भाजायला तवा नव्हता. तवा पाहिजे, असं कुणी म्हटलंच नाही. आम्ही असंच मागायला शिकलो.

आणि द्यायलाही असंच शिकले मी. शिवकन्या, रविवारी मी तुला हात जोडलेलं चित्रच दिलं गं.

तर आता विचारते. नाही जमत म्हणजे काय होतं? शिकवलेलं कळत नाही, का कळतं पण झोप लागत नाही? सगळेच विषय, का एखादाच? कवापासून? कुणी बोललं का तुला?

आणि एक प्रश्न मी तुझ्या दहावीपासून टाळत आले. तुला डॉक्टर व्हायचंय का? ग्रुपवर अनोळखी माणसांनासुद्धा मी सांगून टाकलं, मुलीला डॉक्टर करायचं आहे. तुला मात्र कधी विचारलं नाही. 'नाही' आलं तर काय करायचं, याची भीती वाटायची. आता तेवढी वाटत नाही. उसवून पुन्हा शिवता येतं, हे मला रोजचंच आहे.

सोबत तिकीट लावलेलं पाकीट ठेवलंय. गणवेश देऊन मी लातूरला येणारच आहे. शिकवणी बदलायची असेल तर तसं लिही. तिथंच राहायचं असेल तर तसं लिही. घरी यायचं असेल तर 'मी बरी आहे' लिहू नकोस, 'न्यायला ये' लिही. दोन शब्द पुरेत.

यावेळी ऐकून घेणारी,
तुझी आई
अयोध्या