देवाच्या नावापुरते दात

शीझोऊ, ९ मार्च १९९४

तुझ्या बापाला तीनदा सांगितलं, पोरीला कळव. तो म्हणतो, दात पडल्याचं काय कळवायचं! म्हणून मीच लिहितेय. चि. युएलान, आजीचा आशीर्वाद घे.

वरचे पुढचे दोन्ही दात गेले. खाण्याचं काही नाही, पेजेवर आणि मऊ भातावर भागतं. पण ग्रामदेवाच्या नावात तो आवाज आहे ना, वरचे दात खालच्या ओठावर टेकवून भुंग्यासारखा घुमवायचा, तो जमत नाही. नुसती हवा जाते. देवळातल्या पाठाच्या मंडळाच्या म्हाताऱ्या आधी हसल्या. मग दोंग आजी म्हणाली की अशा हाकेला देव येतो की कुत्रं, कोण जाणे. बारा वर्षं पाठ मी सांगतेय, आता ताल धरायचा लाकडी मासा तिला हवाय. पाठ अर्धासुद्धा येत नाही तिला. मी फार दमलेय गं. देऊन टाकू का?

तुझी आजी, यिन शूजू

कुनमिंग, १७ मार्च

ती. आजीस युएलानचा नमस्कार.

मासा देऊ नकोस. इथे ये, कवळी करू. तोवर सोबतची कॅसेट घे. आमच्या कॉलेजातल्या सरांसाठी आपली बाय लोकांची भाषा टिपायला आले होते, तेव्हा तुझा अख्खा पाठ टेपवर घेतला होता, दात असतानाचा. सर म्हणतात, तो आवाज इतका स्वच्छ हल्ली मिळत नाही. माझ्या वयाच्या पोरी गिळूनच टाकतात. देवळात लाव, दोंग आजी गप्प बसेल. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

शीझोऊ, २ एप्रिल

चि. युएलान, आशीर्वाद. कवळीचं नाव काढू नकोस.

कॅसेट लावली. टेपमधली बाई सुरेख म्हणते, खोटं कशाला बोलू. पण ती कुणासाठी थांबत नाही. आम्ही सगळ्या सत्तरीच्या. कुणाला खोकला आला की मी मासा हळू वाजवते. टेपला ते काय कळणार? तिसऱ्या पाठाला सगळ्या धापा टाकत मागे, ती एकटीच पुढे. शेवटी दोंग आजीनेच उठून टेप बंद केला, मासा माझ्या मांडीवर आपटला आणि म्हणाली की बोळकी तर बोळकी, तूच सांग.

आता पाठ मी सांगते. नाव आलं की मान वर करते, नाव ती घेते. पण तिचाही पुढचा दात हलतोय, आणि भाजलेला मका सोडत नाही. तो पडला की नाव घ्यायला कुणी उरत नाही. तुझे बत्तीस शाबूत आहेत, आवाज मीच शिकवलाय. भातलावणीआधीच्या यात्रेला ये, शेजारी बस. माझ्याने फार तर वर्षभर रेटवेल.

तुझ्या सरांनी लिहायचं नाही, बापाने तर नाहीच. उत्तर तू लिही, आणि येते एवढंच लिही.