येऊन राहिली

२ जून १९७८, नागपूर
आलो एकदाचा! पुण्यात सगळ्यांनी इथल्या उन्हाची भीती घातली होती, पण नंदनवनातली खोली छान हवेशीर आहे. कामही मनासारखं मिळालं: नाग नदीच्या काठाने पूरभिंत बांधायची. गेल्या पुरात खालची वस्ती बुडाली. यंदा बुडू द्यायची नाही, मग नदीला काय वाटायचं ते वाटो. वस्तीत सगळ्यात पुढचं घर बायजाबाईंचं. एकट्याच का, असं विचारलं तर म्हणाल्या, "एकटी काहून? माही जाऊ शामला येऊन राहिली ना." बरं झालं, म्हातारीला सोबत आहे.

२१ जून
इथे 'जेवतोय'ला 'जेवून राहिलो' म्हणतात. मला हसू आवरत नाही. माझा जोडीदार कृष्णकांत इथलाच, तो उलट माझ्या पुणेरीला हसतो.
भिंतीने मात्र वैताग आणलाय. नदीत पाऊल बुडेल एवढंही पाणी नाही, तरी वस्तीच्या बाजूने गिलाव्यावर ओल. बाईच्या तळव्याएवढी. खरवडून पुन्हा गिलावा केला.

११ जुलै
पुन्हा ये रे माझ्या मागल्या! इथे बुजवलं की चार हात पुढे ओल. सरकत सरकत बायजाबाईंच्या घरासमोर आली. सिमेंट बदललं, रेती बदलली, गवंड्यावर ओरडलो. उपयोग शून्य. त्यातच बायजाबाईंचा हट्ट: घरासमोर भिंतीत फट सोडा, शामलाला वाट पाहिजे. नदीवर धुण्याला जायची सोय हवी असेल. म्हटलं, एक फट ठेवली तर सगळी भिंत फुकट. आजच शेवटची फट बुजवली. बाई रडल्या. मला वाईट वाटलं, पण करणार काय?

४ ऑगस्ट
नदी चढतेय. दुपारी वस्ती शाळेत हलवली. बायजाबाईंना घेऊन शामला येईल, असं मीच ट्रकवाल्याला सांगितलं.
ते ऐकून कृष्णकांतने मला बाजूला ओढलं. म्हणाला, शामला गेल्या पुरातच वाहून गेली. सापडली नाही.
मग येऊन राहिली ती—
अरे देवा. 'येऊन राहिली' म्हणजे येतेय. निघालीय. दोन महिने बाई मला हेच सांगत होत्या, आणि मी—
म्हातारी तिथे एकटी आहे. आणायला निघालो.

४ ऑगस्ट, बायजाबाईंच्या घरी
हलत नाहीत. हाताला धरलं, दटावलं, पाया पडलो. दोन ताटं मांडून बसल्यात. जाऊ येईतो उठायचं नाही.
शाळेकडचा रस्ता नाल्याच्या पाण्याखाली. आता मीही अडकलो. पाणी उतरेपर्यंत लिहीत बसतो.

भिंत टिकलीय. खिडकीतून दिसते. पाणी पलीकडेच.
मग या घराच्या भिंतीवर ओल कसली? तळव्याएवढी. दोन. दाराकडे सरकतायत—

कडी वाजली.
बाई म्हणतात, दार उघडा. उघडणार नाही. दाराला पाठ लावून बसलोय. एवढी भिंत बांधली, एक दार नाही का धरता—

पाठ भिजली.
बायजाबाई आता 'येऊन राहिली' म्हणत नाहीत. हसून म्हणतात, "आली का वं?" माझ्या खांद्यावरून बघत. पण माझ्या मागे तर बंद दा—