बेर्तीलासाठी एक मिनिट

रविवार, ९ फेब्रुवारी २०१४

बेर्तीला गेली!

अजून खरं वाटत नाही. 

बास्केटबॉल क्लबचा सचिव एजिदियो काल फोनवर एवढंच म्हणाला होता, ‘नीवेस, उद्या सामन्याला ये. जुन्या खेळाडूंना पहिल्या रांगेत बसवतोय.’ मला वाटलं, पुन्हा कसलीतरी ढाल देऊन फोटो काढायचे असतील. नटूनथटून गेले. खेळणाऱ्या मुली मधल्या वर्तुळाभोवती उभ्या राहिल्या आणि माइकवर आवाज आला — ‘आपली महान कर्णधार बेर्तीला झांकेत्ता हिच्या स्मरणार्थ एक मिनिट शांतता.’

सगळं स्टेडियम उभं राहिलं. मला उठताच येईना. गुडघ्यांत जीवच नव्हता. समोरच्या कठड्याला धरलं, तरी नाही. मग इथल्या रीतीप्रमाणे लोकांनी टाळ्या सुरू केल्या. कितीतरी वेळ! मी आपली बसलेली, तोंड उघडं.

अख्खी उमर तिच्याशी बोलले नाही. युरोपच्या अंतिम सामन्यात आम्ही एका गुणाने मागे, मी बास्केटखाली एकटी, दोन्ही हात वर — आणि हिने चेंडू मला न देता स्वतःच मारला. हुकला! माफी तर सोडाच, माझ्याकडे साधं बघितलंही नाही. पुढच्याच मोसमात ती दुसऱ्या क्लबात गेली. तो राग मी जपून ठेवला होता. आता तो कुणावर काढू?

सोमवार, १० फेब्रुवारी

पेपरात फोटो! शेकडो माणसं माना खाली घालून उभी, आणि पहिल्या रांगेत मी एकटी बसलेली. खाली छापलंय — ‘काही जखमा भरत नाहीत.’ 

ओरेस्तेने चष्मा लावून दोनदा बघितलं. ‘बाईसाहेब, निदान मेलेल्या माणसासाठी तरी उठायचं होतंस.’ सख्खा नवरा असून! पाय गेले माझे, असं ओरडून सांगितलं. ‘मला पटतंय गं,’ म्हणाला. ‘आता गावाला पटव.’

कॉफी प्यायला गेले, तर बारमध्ये सगळे एकदम गप्प. येताना चौकातली भिंत बघितली. गेलेल्या माणसांचे कागद तिथेच चिकटवतात. होता तिचा कागद. काळी चौकट, बेर्तीला झांकेत्ता, फोटो नाही. अंत्यविधी बुधवारी, वरच्या गावातल्या चर्चमध्ये. एजिदियोलाही इथेच कळलं म्हणे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

जाणार. काळा कोट पोटावर बसत नाही. तरी जाणार.

बुधवार, १२ फेब्रुवारी

देवा रे! काय झालं हे!

माझी जुनी सात नंबरची जर्सी घेऊन गेले होते. शवपेटीवर ठेवायची, सगळ्यांसमोर. ठेवली. आणि रडले — अशी रडले की पाद्रीबाबा प्रार्थना म्हणायचे थांबले. शेजारी उभा असलेला म्हातारा हळूच म्हणाला, ‘बाई, तुम्ही कोण?’

‘आम्ही एकत्र बास्केटबॉल खेळायचो.’

‘माझ्या बायकोबरोबर? तिला फेकलेली किल्ली झेलता येत नव्हती हो!’

तेव्हा कुठे मी फुलांमागचा फोटो बघितला. गोल चेहरा, जाड चष्मा. कुणी तिसरीच! संत बेर्तीलाचं नाव आमच्या भागात घरोघरी, झांकेत्ता तर पायलीचे पन्नास. म्हाताऱ्याने जर्सी घडी करून माझ्या हातात दिली. ‘तरी बरं वाटलं,’ म्हणाला. ‘तिच्यासाठी एवढं कुणी रडलं नव्हतं.’

घरी येऊन जुन्या डायरीतला नंबर लावला. उचलला.

‘बेर्तीला? तू मेली नाहीस?’

‘अजून तरी नाही.’

तोच घोगरा आवाज! मी खाली बसले. तीच पुढे म्हणाली, ‘पेपर बघितला. अख्खा गाव उभा राहिला, तू सोडून.’

‘पाय गेले गं माझे! ऐकलं आणि पाय गेले. आईशप्पथ!’

  तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. ‘खरंच?’

‘खरंच, गाढवे! आणि मला चेंडू का दिला नाहीस?’

‘दिसली होतीस तू. पण शेवटची बास्केट माझ्या नावावर हवी होती मला. लाज वाटली, म्हणून तोंड लपवलं. शनिवारी ये.’

गुरुवार, १३ फेब्रुवारी

एजिदियोला क्लबात जाऊन झाडलं. जिवंत बाईसाठी शांतता पाळतोस? आधी फोन तरी करायचास!

‘केला होता ना!’ बिचारा रडकुंडीला आला. ‘तिच्याच घरी. एका बाईने उचलला. म्हटलं, फार वाईट झालं. ती म्हणाली, आभारी आहोत. रविवारी नीवेसला मात्र नक्की बोलवा म्हणाली. बहीणबिहीण असेल.’

बहीण! बेर्तीला एकुलती एक. लग्न नाही, घरात एकटी राहते.

म्हणजे तीच बोलली! स्वतःच्या मरणाचे आभार स्वतःच मानले, आणि मला तिथे बोलावून बसवलं! असली थट्टा? गावात तोंड दाखवायला जागा नाही मला. परक्या माणसाच्या शवपेटीवर रडून आले मी! शनिवारी जाते आणि बघते तिच्याकडे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

भांडायला गेले होते. दार तिनेच उघडलं. डोक्याला लोकरीची टोपी, भुवया नाहीत, मनगट माझ्या दोन बोटांत मावेल एवढं.

 मी भांडण काढायच्या आधी तीच म्हणाली, ‘खरी वेळ येईल तेव्हा मला दिसणार नाही ना, तू येतेस की नाही. म्हणून म्हटलं, आधीच बघून घ्यावं.’

‘कधी?’

‘मे महिन्यात चेरी लागेपर्यंत, म्हणतात डॉक्टर.’

ओरेस्तेला फोन केला — माझे कपडे, बीपीच्या गोळ्या आणि जाड स्वेटर घेऊन ये. मी इथेच राहतेय.