तटातला दगड

बाई, तुम्ही शिकवायचात तसलं रोमन गाव मला इचिकावाच्या वाचनालयात सापडलं. साम्राज्याच्या कडेचं, आडबाजूचं. पुस्तक जपानी, त्यामुळे निम्मं चित्रांवरूनच वाचलं. सातवीत दुपारच्या तासाला मी पेंगत होते, तेव्हा तुम्ही खडू मारून म्हणालात, "झोप तू. रोम कुठं जात नाही." खरंच गेलं नाही.

यांना जाऊन सहा वर्षं होतील. तेव्हापासून कपाळाला कुंकू लावलं नाही. इथे जपानात दहनानंतर हाडं हाती येतात. घरच्यांनी ती काड्यांनी उचलून कलशात ठेवायची. मी ठेवली. तो कलश अजून कपाटात, माझ्या साड्यांशेजारी आहे. नाशिकला गोदावरीत सोडायचा की इथेच पुरायचा, हे काही ठरत नाही. लेक म्हणते, "आई, नाशिकला आपलं जाणं किती होतं? इथे असले बाबा तर रविवारी जाऊन येता येईल." मागच्या महिन्यात ती मला थडग्याचे दगड घडवणाऱ्याकडे घेऊन गेली. त्यानं अदबीनं विचारलं, शेजारी तुमचंही नाव कोरायचं ना?

"अहो, मी जिवंत आहे!" मी मराठीतच ओरडले.

लेक हसायला लागली. "म्हणून तर तुझं लाल रंगात असतं गं. माणूस गेलं की लाल पुसतात. इथली पद्धतच आहे."

मी तडक उठून स्टेशनवर आले. जिवंतपणी थडग्यावर नाव! आपल्याकडे कुणी ऐकूनही घेणार नाही.

पुस्तकात त्या गावाच्या तटाचा फोटो आहे. शत्रूच्या भीतीनं लोकांनी तो घाईघाईनं बांधला, दगड पुरेनात तेव्हा थडगी उपटून आणली. त्यातला एक दगड अक्षरं आत करून बसवला गेला, म्हणून ती टिकली. कुणा बाईनं नवऱ्यासाठी केलेला, आणि खाली लिहिलंय: जिवंत असताना स्वतःसाठीही. तेव्हा अक्षरांत लाल रंग भरत. त्याचे कण खाचांत अजून आहेत. मी ती ओळ शब्दकोश घेऊन पुन्हा वाचली.

आज लेकीला फोन केला. म्हटलं, थोड्या अस्थी नाशिकला, बाकीच्या इथे. आणि कोरू देत दोन्ही नावं.

"अगं, एकदम कशी तयार झालीस?"

"तुझ्यासाठी," मी म्हटलं.

तुमचा पत्ता माझ्याकडे नाही. हा कागद पुस्तकातच ठेवून परत करणार होते, पण वाचनालयात पानं उलटून बघतात. म्हणून माझ्याकडेच राहील. तुम्हाला तेवढं खरं सांगते, बाई. यांच्याशेजारी मी पुन्हा लाल दिसणार, त्याचाच मोह झाला.