कॅसेटवरची चिमी

ता. ४ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. आ. (हाताच्या सवयीने लिहिलं गेलं, मनावर घेऊ नकोस.)

काल शेजारणीकडे चहाला गेले होते. टीव्हीसमोर व्हिडिओ गेमच्या कॅसेटी पसरल्या होत्या. एकीवर घोड्यावरची राणी. खांदे पहिलवानाचे, कपडे नावापुरते, आणि त्या धडावर माझ्या चिमीचं तोंड. गॅदरिंगमधलं, पुठ्ठ्याचा मुकुट घातलेलं, पुढचा दात पडलेलं. गेलेली मुलगी मला इतक्या वर्षांनी दिसली ती अशी. चहा तसाच ठेवून उठले. शेजारणीने विचारलं, साखर कमी झाली का.

तिचा तो एकच फोटो उरला आहे, आणि तो मी तुला मोठा करून आण म्हणून दिला होता. तुझ्या छापखान्यात लग्नपत्रिका छापतात अशी माझी भाबडी समजूत. उत्तर नको, फोटो पाठव.

ताई


ता. ९ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू चिडणार हे माहीत होतं, म्हणूनच बोललो नाही. एक व्यापारी परदेशी खेळांच्या नकली कॅसेटी विकतो, त्यांची वेष्टनं मी छापतो. मूळ चित्र जसंच्या तसं उचललं तर पकडतात, म्हणून चेहरा तेवढा बदलायचा, ही आमच्या धंद्यातली रीत. त्या दिवशी चित्रकार आला नाही, व्यापारी डोक्यावर बसलेला, आणि टेबलावर चिमीचा फोटो. कापून चिकटवला. हो, मूळ फोटोच. राणीच्या अंगाकडे माझं लक्षच गेलं नाही, ताई. मी नुसता चेहरा बघत होतो.

पुढचं जास्त वाईट आहे. सोमवारी पोलिसांचा छापा पडला आणि चिकटवलेली सगळी चित्रं जप्त झाली. चित्रं व्यापाऱ्याने तयार आणली, मी फक्त छापली, असं मी सांगितलंय. हे टिकलं तर दंडावर सुटेन, असं वकील म्हणतो. चेहरा आपल्याच घरातला निघाला तर आत जाईन. फोटो ज्याचा असेल त्याने ओळख पटवून न्यावा, असं साहेब म्हणतात. तू जाऊ नकोस असं म्हणायला मला तोंड नाही.

आजवर लावलीस ती माया आटू देऊ नयेस, ही विनंती.

तुझा,
धाकटा


ता. १६ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. आ.

जाऊन आले. साहेब तरुण आहे, सभ्य आहे. मला खुर्ची दिली आणि तू चित्र चिकटवलेला पुठ्ठा समोर ठेवला. कात्री चालवताना तू तिचा एक कान उडवलास. फोटोत तिच्या खांद्यावर माझा हात होता, तोही गेला. डिंकाने गाल पिवळा पडलाय.

ओळखता का, असं त्याने विचारलं. अगदी ओठांवर आलं होतं. मग तुझी बायको डोळ्यांपुढे आली, त्या दोन खोल्यांत शिलाई मशीनवर वाकलेली. मी सांगितलं, नाही ओळखत. खोटं बोलू नये म्हणून शाळेत कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी इतकी वर्षं घोटून घेतलेलं सगळं त्या टेबलावर ठेवून आले. आभाराचं पत्र लिहिलंस तर न फोडता परत पाठवीन.

निकालानंतर जप्तीचा माल जाळतात म्हणे. पुठ्ठा उचलताना साहेब सहज म्हणाला, कुणाची का असेना, पोर हसरी आहे. मी हो म्हटलं.

कळावे. लोभ आहे, हीच तर अडचण आहे.

ताई