नऊ वर्षे चाललेली एक ओळ

मी, प्रभाकर नारायण देशकर, बी.कॉम., वय चौपन्न, नवा रायपुरातील एका विद्यापीठात पीएच.डी. कक्षाचा अधीक्षक. सुमित्रा साहू या विद्यार्थिनीच्या प्रकरणात जे घडेल ते त्या त्या दिवशी येथे लिहीन. मला गैरसोयीचे असले तरी.

४ ऑगस्ट, सोमवार
सुमित्राच्या सादरीकरणावर दुसरा 'असमाधानकारक' शेरा. तिसरा आला की नोंदणी रद्द. मुलगी बीरगावची, वडील कारखान्यात. विषय तिथल्याच कामगार बायकांचे आजारपण. तिचे मार्गदर्शक बोरकर सर आले. "साहेब, पोट्टी माह्या खोलीत तासभर बोलते. हॉलमध्ये इंग्रजीत उभी केली का दातखीळ बसते."
इंग्रजीचा नियमच आहे, म्हटले.
"दाखवा बरं."

५ ऑगस्ट
नियमावलीतले सादरीकरणाचे प्रकरण दोनदा वाचले. भाषेचा उल्लेख नाही. तिसऱ्यांदा वाचले. नाही.

६ ऑगस्ट
जुन्या सूचना काढल्या. 'सादरीकरण इंग्रजीत करावे' ही ओळ प्रथम नऊ वर्षांपूर्वीची. खाली माझी सही. बाहेरून आलेल्या एका परीक्षकांना हिंदी येत नव्हते, त्यांच्यापुरती घातली होती. पुढे दरवर्षी तीच सूचना, तारीख तेवढी बदललेली. स्वल्पविरामासाठी लोकांची पत्रे परत करणारा मी! या ओळीपायी किती जण गप्प बसले असतील...
घरी सांगितले. सौ.ला हसू आवरेना. "आजवर दुसऱ्याच्याच चुका काढून राहिले होते न? ऑफिसातल्या मॅडमले सांगा अन् मोकळे व्हा."

७ ऑगस्ट
अधिष्ठाता मॅडमना लेखी कळवले. "देशकरजी, ये आपने खुद लिखा है? अपने ही ख़िलाफ़?" होय म्हटले. दुपारी नवी सूचना फलकावर: भाषा विद्यार्थ्याने निवडावी.
सुमित्रा धावत आली. "सर, सच्ची में? छत्तीसगढ़ी भी?"
मनाई कुठेच नाही, असे सांगितले.
"हव सर!" दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरली. तसे उतरणे योग्य नव्हे, बोललो नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार
सुमित्राचे तिसरे सादरीकरण हिंदीत, बायकांचे बोलणे मात्र त्यांच्याच छत्तीसगढीत. पाच मिनिटे जास्त घेतली. घंटा माझ्या हाती होती, वाजवली नाही. आधीचे दोन्ही शेरे देणारे समितीचे ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "यह भाषण है या शोध?"
सुमित्राने कागदांचा गठ्ठा पुढे ओढला.
"सर, आप पूछिए, कौन-सी बात बिना सबूत के बोली?"
त्यांनी चार गोष्टी विचारल्या. तीन गोष्टींचे पुरावे तिने समोर ठेवले, चौथी चुकल्याचे मान्य केले. बोरकर सर माझ्या कानाशी: "आता थांबवा कोणी हिले!"

१४ ऑगस्ट
दोन सदस्य 'समाधानकारक'. ज्येष्ठांचा कागद कोरा, आणि तिघांचे एकमत लागते. ते म्हणतात, प्रबंध तरी इंग्रजीत लिहावा लागेल ना? नियम काय, ते सोमवारपर्यंत मी सांगायचे आहे.
दरम्यान आणखी तीन विद्यार्थ्यांचे हिंदीसाठी अर्ज, एकाचा मराठीसाठी. मॅडम: "समझेगा कौन?" बोरकर सर: "मैं और देशकर साहब. दो बहुत हैं."
ज्येष्ठांनी फाटकापाशी पुन्हा विचारले, "तो नियम क्या है?" पूर्वी मी उभ्या-उभ्या उत्तर दिले असते. आज म्हटले, "पढ़कर बताता हूँ, सर." नियमावली पिशवीत घालून घरी आणली आहे. अजून उघडलेली नाही.

प्र. ना. देशकर
रायपूर, १४ ऑगस्ट